न बोलणाऱ्या रोग्यांचा वैद्य

अकराव्या शतकातली गोष्ट. चीनमध्ये सोंग घराण्याचं राज्य, राजधानी कायफंग, गादीवर सम्राट शेनझोंग. सम्राटांच्या बहिणीची लहान मुलगी जुलाबांनी अगदी गळून गेली होती. आता काही ही पोर वाचत नाही, अशी घरातल्यांची समजूत झालेली. वैद्याला बोलावणं गेलं. वैद्य आले, पण चक्क दारू पिऊन आले. त्यांनी मुलीकडे नीट बघितलं आणि सांगितलं की हिच्या अंगावर पुरळ उठेल आणि ही बरी होईल. मुलीचा बाप, म्हणजे राजघराण्याचा जावई, भयंकर भडकला. पोर मरायला टेकलीय आणि हा झिंगलेला माणूस पुरळाच्या गोष्टी सांगतो! त्याने वैद्याला वाट्टेल ते सुनावलं. वैद्यांनी वाद घातला नाही. एक शब्द न बोलता ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या अंगावर पुरळ उठलं आणि तिला आराम पडला. मग त्याच घरातून वैद्यांचे आभार मानणारी कविता लिहून आली.

या वैद्यांचं नाव चिएन यी. जन्म अंदाजे १०३२, मृत्यू १११३. चीनमध्ये त्यांना बालवैद्यकाचे आद्य पुरुष मानतात. आपल्याकडे आयुर्वेदात मुलांच्या उपचारांसाठी कौमारभृत्य अशी वेगळी शाखा आहे. चिनी वैद्यकात ती शाखा आपल्या पायावर उभी राहिली ती मुख्यतः यांच्यामुळे. दारूचा प्रसंग मी आधी सांगितला तो गंमत म्हणून नाही. म्हणजे गंमत आहेच त्यात. पण त्या मुलीच्या अंगावर तेव्हा काहीच दिसत नव्हतं, आणि नेमकं जे दिसत नव्हतं तेच या माणसाला दिसलं. गोवर, कांजिण्या, देवी या सगळ्यांत हाच दिवस अवघड असतो. ताप आहे, मूल किरकिर करतंय, आणि साधं पडसं आहे की दुसरं काही, ते कळायला मार्ग नाही. घरचे म्हणतात काहीतरी द्या, आणि वैद्यालाही काहीतरी द्यावंसं वाटतं. चिएन यींचं मोठेपण या एका दिवसाशी जोडलेलं आहे असं मला वाटतं.

त्यांचं स्वतःचं लहानपण मात्र फार उदास होतं. घराणं मूळचं दक्षिणेतल्या छिएनतांगचं, म्हणजे आजच्या हांगझोऊ भागातलं. पणजोबांच्या वेळी ते उत्तरेला, आजच्या शांडोंग प्रांतातल्या डोंगपिंग भागात येऊन राहिलं. वडील सुया टोचून उपचार करण्यात हुशार होते. पण दारूचा नाद, आणि भटकण्याचा त्याहून मोठा. एक दिवस ते आपलं नाव लपवून पूर्वेला समुद्राकडे निघून गेले ते परत आलेच नाहीत. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. आई आधीच गेलेली. वडिलांची बहीण लू नावाच्या वैद्याच्या घरात दिली होती. त्या आत्याला पोराची दया आली आणि तिने त्याला आपल्या घरी आणून पोटच्या मुलासारखं वाढवलं. थोडा मोठा झाल्यावर तो आत्याच्या यजमानांकडून वैद्यकी शिकला.

तू आमचा नव्हेस, तुझे वडील अमुक, ते असे निघून गेले, हे आत्याने त्याला सांगितलं ते अगदी शेवटी, मरणाच्या दारात. तो खूप रडला. मग वडिलांना शोधायला निघाला. नाव बदलून गेलेल्या माणसाला शोधायचं, ते पण अकराव्या शतकात. पाच-सहा खेपा झाल्या तेव्हा कुठे ठावठिकाणा लागला, आणि त्यानंतरही आणखी काही वर्षं गेली तेव्हा वडील घरी आले. तोवर चिएन यी तिशी ओलांडून गेले होते. गावातली माणसं हे बघून रडली, म्हणतात; काहींनी त्यावर कविता केल्या. सात वर्षांनी वडील वारले. मुलाने त्यांचं सगळं रीतीप्रमाणे केलं. लू यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांचे अंत्यविधीही चिएन यींनीच केले आणि त्यांच्या मागे राहिलेल्या मुलीचं लग्न लावून दिलं.

आम्ही कॅथलिक लोकांनी बायबलमध्ये तोबितचं पुस्तक वाचलेलं असतं. त्यात मुलगा दूरच्या प्रवासाला जातो आणि परत येऊन आंधळ्या बापाचे डोळे माशाच्या पित्ताने बरे करतो. चिएन यींची गोष्ट वाचताना मला ती आठवली. फक्त इथे वाटेत सोबत करायला देवदूत नाही, आणि बाप असा की जो आपल्या मर्जीने घर सोडून गेलाय. अशा बापाला पाच-पाच वेळा शोधायला जाणं मला तरी जमलं नसतं. या सगळ्याबद्दल स्वतः चिएन यींनी काय म्हटलं ते कुठेच लिहिलेलं नाही. ही हकिकत लिहून ठेवली ती लिउ ची या त्याच भागातल्या एका विद्वानाने. मोठ्या माणसाचं चरित्र लिहिताना जो भक्तिभाव येतो तो त्याच्याही लिखाणात आहेच, तेव्हा काही गोष्टी जरा सजवलेल्या असतील असं धरून चालावं. पण तो चिएन यींच्या दारूबद्दल लिहायला लाजत नाही, म्हणून मला तो बऱ्यापैकी विश्वासाचा वाटतो.

काळ वैद्यकीला चांगला होता. १०५७ साली सोंग सरकारने जुने वैद्यकग्रंथ तपासून शुद्ध करण्यासाठी खास कचेरी काढली, आणि हे ग्रंथ लाकडी ठशांवर छापून बाहेर पडू लागले. जे पूर्वी गुरूच्या पेटीत कुलूपबंद असायचं ते आता विकत मिळू लागलं. १०७६ मध्ये कायफंगला सरकारी औषधालयही निघालं. पण मुलांचं दुखणं हे तरीही नकोसं काम होतं. चिनी वैद्य या शाखेला मुक्यांची शाखा म्हणत. तान्हं मूल कुठे दुखतंय ते सांगत नाही. थोडं मोठं झालं तरी जे सांगतं त्याचा भरवसा नाही. चिनी वैद्यकाचा सगळा भर नाडीवर, आणि मुलाची नाडी बारीक. त्यात ते रडतं, हात ओढून घेतं. म्हणजे विचारायची सोय नाही आणि नाडीचीही नाही.

चिएन यींनी मग बघण्यावर जोर दिला. चेहऱ्याचे त्यांनी पाच भाग धरले: कपाळ हृदयाचं, डावा गाल यकृताचा, उजवा गाल फुप्फुसाचा, नाक प्लीहेचं, हनुवटी मूत्रपिंडाची. कुठे लाली आली, कुठे पिवळेपणा, ते बघायचं. डोळ्यांच्या आतला रंगही तसाच बघायचा. आज ही वाटणी कुणी शब्दशः मानणार नाही. पण ही वाटणी डोक्यात असल्यामुळे हा माणूस प्रत्येक मुलाच्या तोंडाकडे किती वेळ टक लावून बघत असेल, त्याचा विचार करा.

त्याचं फळ म्हणजे पुरळ येण्याआधीची लक्षणं. त्यांनी ती एकत्र लिहून ठेवली आहेत. चेहरा कोरडा, गाल लाल, पापण्याही लाल, जांभया, मरगळ, अंग घटकेत गार घटकेत गरम, खोकला, शिंका, हातापायांची टोकं थंड, झोपेत दचकणं, सारखी झोप. आजचं बालरोगाचं कुठलंही पुस्तक उघडा: गोवराचं पुरळ उठण्याआधी तीन-चार दिवस ताप, खोकला, नाक गळणं आणि लाल डोळे असतात, असंच लिहिलेलं सापडेल. विषाणू नावाची काही चीज असते हे कळायला तेव्हा अजून आठशे वर्षं होती.

पुरळ आल्यावर त्याचे प्रकारही त्यांनी वेगळे केले. पाण्याने भरलेले फोड एक, पूने भरलेले दुसरे, सपाट लाल चट्टे तिसरे आणि बारीक उठलेलं पुरळ चौथं. प्रत्येक प्रकार एकेका अवयवाशी जोडला. आपण आज ज्यांना कांजिण्या, देवी, गोवर म्हणतो त्यांच्या खुणा यात ओळखू येतात. पण ते तीन वेगवेगळे रोग आहेत असं त्यांनी आपल्या अर्थाने म्हटलेलं नाही, तेव्हा उगाच त्यांच्या तोंडी आजचं ज्ञान घालू नये. देवी आणि गोवर यांच्यावर वेगळं पुस्तक लिहून त्यांतला फरक सांगण्याचा मान इराणच्या अल-राझींकडे जातो, आणि ते चिएन यींच्या आधी शंभर-सव्वाशे वर्षं होऊन गेले.

कारणाच्या बाबतीत तर चिएन यी पूर्ण चुकले होते. आईच्या पोटात असताना मूल अशुद्ध रक्तावर वाढतं, त्याचं विष शरीरात साचून राहतं आणि पुढे कधीतरी ते फोडांच्या रूपाने बाहेर पडतं, अशी त्यांची समजूत होती. सगळ्या चीनची शेकडो वर्षं हीच समजूत होती. मला यात गंमत अशी वाटते की चुकीच्या कारणावरून त्यांनी नियम मात्र शहाणा काढला. विष बाहेर पडतच आहे ना, मग त्याला वाट द्या. जुलाब देऊन ते खाली ओढू नका, कडक औषधांनी जबरदस्तीने बाहेरही काढू नका. सौम्य औषध द्या, मुलाला उपाशी ठेवू नका, वारा-थंडी लागू देऊ नका, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने आपलं खाणं सांभाळावं.

हा नियम मोडला की काय होतं, त्याची एक हकिकत त्यांच्या टिपणांत आहे. राजघराण्यातल्या एका मुलाला पुरळाचा आजार झाला. आधी ली नावाचा वैद्य होता, मग चिएन यींनाही बोलावलं. चिएन यींनी एका गोळीच्या तीन मात्रा ठेवल्या आणि ते गेले. मागे ली वैद्याने जुलाबाचं औषध दिलं. पुरळ एकदम दाट झालं. चिएन यी परत आले आणि बघून हादरले. जुलाब दिले नसतील तर हे लक्षण फारच उलटं आहे, असं त्यांनी म्हटलं, तेव्हा घरच्यांनी कबूल केलं की दिले आहेत. सुरुवातीला, दुसरं काही लक्षण नसताना, जुलाब द्यायचे नसतात हे त्यांनी तिथे पुन्हा समजावलं. पुढे मुलाचे फोड काळे पडून आत बसायला लागले, तेव्हा मात्र त्याच चिएन यींनी स्वतः कडक रेचकाची गोळी दिली. फोडांवर पुन्हा लाली आली आणि मूल वाचलं. म्हणजे औषध देऊच नका असं म्हणणारा हा माणूस नव्हता. केव्हा थांबायचं आणि केव्हा नाही, हे त्यांनी मुलाकडे बघून ठरवलं. घरच्यांच्या घाईवरून नाही.

ते मूल त्या रेचकाने वाचलं की रेचक देऊनही वाचलं, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. आणि ते सौम्य औषध तरी काय होतं? त्या गोळीत इतर वस्तूंबरोबर हिंगूळ आणि मनशीळ होते. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज, मनशीळ म्हणजे सोमलाचं. दोन्ही विषारी. आपल्याकडच्या रसशास्त्रातही या दोघांचा वापर होता, त्यामुळे नाक मुरडण्याचा हक्क आपल्याला नाही. पण जुन्या पुस्तकात आहे म्हणून आज कुणी लहान मुलाला असलं काही देऊ नये. गोवराच्या विषाणूला मारणारं खास औषध आजही नाही. डॉक्टर ताप सांभाळतात, पाणी आणि अन्न चालू ठेवायला सांगतात, अ जीवनसत्त्व देतात. खरा इलाज म्हणजे आधीच घेतलेली लस. मुलाला उपाशी ठेवू नका हा चिएन यींचा सल्ला मात्र अजून जुना झालेला नाही.

राजभगिनीच्या मुलीला बरं केल्यामुळे त्यांना दरबारात छोटंसं वैद्यपद मिळालं. पुढच्या वर्षी एका राजपुत्राला झटके येऊ लागले. दरबारचे मोठमोठे वैद्य थकले. राजभगिनीनेच मग यांचं नाव सुचवलं. त्यांनी पिवळ्या मातीचा काढा दिला, म्हणजे ज्यात चुलीतली भाजकी माती पडते तो. झटके थांबले. सम्राट शेनझोंगांना कुतूहल वाटलं की मातीने हा रोग कसा जातो. चिएन यींनी चिनी पंचतत्त्वांच्या हिशेबाने उत्तर दिलं: माती पाण्याला आवरते, पाणी आवरलं की वारा शांत होतो. आणि पुढे असंही सांगितलं की आधीच्या वैद्यांनी रोग जवळजवळ बरा करत आणला होता, मी नेमका शेवटी पोचलो इतकंच. मला त्यांची ही बाजू फार आवडते. समोर सम्राट उभे, बाकीचे सगळे वैद्य हरलेले, आणि हा माणूस श्रेय वाटून टाकतोय. यात हुशारीही असेल, कारण त्याच वैद्यांबरोबर पुढे दरबारात दिवस काढायचे होते. सम्राट खूश झाले. वरचं पद मिळालं, जांभळा झगा आणि सोन्याच्या माशाचं मानचिन्ह मिळालं. त्यानंतर सरदारांच्या घरून बोलावणी थांबेनात.

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट मात्र एक गोळी आहे, आणि तीही काही घालून नाही तर काढून झालेली. हान काळातल्या झांग झोंगजिंग या थोर वैद्याचं आठ औषधांचं एक जुनं मिश्रण होतं. त्यातली दालचिनीच्या जातीची काडी आणि बचनागाच्या जातीचं मूळ ही दोन उष्ण औषधं चिएन यींनी काढून टाकली. मुलाचं अंग आधीच तापट असतं, त्यात आणखी उष्ण कशाला, हा त्यांचा विचार. उरली सहा औषधं. ज्या मुलांची टाळू लवकर भरत नाही त्यांच्यासाठी त्यांनी ती वापरली. ही सहा औषधांची गोळी, लिउवेई दिहुआंग, आज चीनमधल्या औषधांच्या दुकानांत सर्रास मिळते. घेणारे बहुतेक मोठी माणसं. ती लहान मुलांसाठी होती हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

१०९३ साली डोंगपिंगच्याच डोंग जी नावाच्या वैद्याने मुलांच्या पुरळाच्या तापांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. फक्त याच विषयावरचं चीनमधलं ते सगळ्यात जुन्या पुस्तकांपैकी एक. चिएन यी तेव्हा साठीत होते आणि दरबारात गाजलेले होते. आपल्याच विषयात दुसरा कुणी पुस्तक लिहितोय म्हटल्यावर काहींच्या पोटात दुखलं असतं. यांनी ते वाचलं, तोंड भरून कौतुक केलं आणि मागे जोडायला आपल्या हाताने मजकूर लिहून दिला.

तब्येत त्यांची पहिल्यापासून नाजूक. त्यात दारूचा शौक, आणि पथ्य पाळणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. सम्राट झेझोंगांच्या काळात त्यांना पुन्हा राजवाड्यात बोलावलं होतं. पुढे आजाराचं कारण सांगून ते गावी गेले ते कायमचे. सांधे आणि अंग धरणारा रोग बळावला. हा रोग आत शिरला तर मी संपलो, तो हातापायांकडे वळवता आला पाहिजे, असं म्हणून त्यांनी स्वतःच औषध बनवलं आणि रात्रंदिवस ते पीत राहिले. काय घातलं होतं ते कुणाला कळलं नाही. एक दिवस डावा हात आणि डावा पाय आखडून निकामी झाले. यावर ते समाधानाने म्हणाले म्हणे, की आता ठीक आहे. हे औषधाने झालं असेल की साधा पक्षाघात असेल, तुम्हीच ठरवा.

त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. पलंगावर बसून, पडून वाचत राहायचे. मधूनच दारू मागवायचे. लांबलांबून माणसं आजारी पोरांना घेऊन दाराशी यायची. कुणी कडेवर तान्हं बाळ घेऊन, कुणी हाताला धरून. ते बसल्या जागेवरून बघायचे आणि औषध द्यायचे. कुणी डोंगरातली अनोळखी वनस्पती आणून दाखवली तर ती कुठली, तिचं नाव काय, ती कशी उगवते ते सांगायचे. लोक घरी जाऊन ग्रंथात बघायचे तर तसंच असायचं. शेवट जवळ आल्याचं कळलं तेव्हा त्यांनी नातलगांना बोलावून निरोप घेतला, कपडे बदलले आणि वाट पाहत बसले. वय चिनी मोजणीने ब्याऐंशी.

त्यांनी स्वतः लिहिलेली पुस्तकं सगळी हरवली. राहिलं ते येन श्याओझोंग नावाच्या माणसामुळे. हा येन पाच-सहा वर्षांचा असताना झटक्यांनी आणि इतर दुखण्यांनी अनेकदा मरता मरता वाचला होता, आणि वाचवणारे होते चिएन यी. मोठेपणी त्याने त्यांचे पाठ आणि औषधयोग जमवायला सुरुवात केली. लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती एकीशी एक जुळत नव्हत्या. वर्षानुवर्षं त्या ताडून बघत त्याने १११९ मध्ये तीन भागांचं पुस्तक तयार केलं. आठच वर्षांनी, ११२७ मध्ये, उत्तरेच्या जुर्चेन सैन्यापुढे कायफंग पडलं आणि राजघराणं, ग्रंथालयं, सगळंच उधळलं गेलं. पुढच्या काळात हे पुस्तकही दुर्मीळ झालं. अठराव्या शतकात छिंग दरबाराच्या पंडितांनी एका जुन्या विश्वकोशात विखुरलेले त्याचे तुकडे गोळा करून ते पुन्हा जुळवलं.

पहिल्या भागात लक्षणं आहेत, तिसऱ्यात औषधं. मधल्या भागात तेवीस रोग्यांची टिपणं आहेत. मुलांची स्वतःची नावं त्यात नाहीत. कुठल्या अधिकाऱ्याचा मुलगा, कुणाचा नातू, वय किती आणि काय होत होतं, एवढंच. एक तीन वर्षांचा. शिन यांच्या घरातली पाच वर्षांची मुलगी, पोटात जंत झालेली. आणि एक जन्मून शंभर दिवस झालेलं बाळ.